पीएम ९६ टक्के, ब्रेकडाउन मात्र तेवढेच

प्रश्न : आमच्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी देखभालीसाठी सीएमएमएस, म्हणजे देखभालीच्या नोंदी आणि वेळापत्रक सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं. ४२० मशिन आहेत, तीन शिफ्टमध्ये मिळून २२ टेक्निशियन. दर महिन्याच्या अहवालात पीएम (बिघाडाआधीच ठरलेल्या वेळी करायची प्रतिबंधक देखभाल) ९६ टक्के पूर्ण दिसतं, पण ब्रेकडाउन पूर्वीइतकेच आहेत. वर्क ऑर्डर, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदी, शिफ्ट संपताना एकदम भरल्या जातात. १,९०० ऑर्डर प्रलंबित आहेत. सिस्टिममध्ये बेअरिंग दिसतं ते रॅकवर सापडत नाही, आणि रॅकवर असतं ते सिस्टिमला माहीत नसतं. वरिष्ठ विचारतात, एवढा खर्च करून मिळालं काय? विक्रेता आता सेन्सरचं मॉड्यूल घ्या म्हणतोय. सॉफ्टवेअर बदलू, सेन्सर घेऊ, की मुळात आमचंच काही चुकतंय?
— एक देखभाल प्रमुख

उत्तर : सॉफ्टवेअर बदलू नका, निदान एवढ्यात तरी. नवं आणलंत तर हीच मशिनांची यादी, हेच पीएम आणि हेच शेरे त्यात ओतले जातील आणि दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा हेच पत्र लिहाल. तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य म्हणजे, ऑर्डर शिफ्ट संपताना एकदम भरल्या जातात. टेक्निशियनला ती नोंद कामाचा भाग वाटत नाही, काम संपल्यावरची हजेरी वाटते. यात त्याचा दोष नाही. आपण लिहिलेलं कुणी वाचलं, त्यावरून एखादा पीएम बदलला, एखादा स्पेअर मागवला गेला, असं त्याला दोन वर्षांत एकदाही दिसलेलं नसणार. जी नोंद कुणी वाचत नाही ती कुणी मन लावून लिहीत नाही. मशिनवर आढळलेलं लिहिलं जाणं, लिहिलेलं वाचलं जाणं आणि वाचून काहीतरी बदलणं, एवढ्या फेऱ्यातच या सिस्टिमचं सगळं मोल आहे. तुमच्याकडे तो फेरा तुटलाय. तो जोडायची सुरुवात वाचण्यापासून करावी लागेल.

म्हणून आधी एक तास काढा. मागच्या तीन महिन्यांत बंद झालेल्या ऑर्डर एक्सेलमध्ये उतरवून घ्या. त्यातल्या किती ऑर्डरमध्ये प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि अंदाजे वेळ अगदी सारखा आहे, किती शेऱ्यांत फक्त 'ओके' किंवा 'काम केले' आहे, बिघाडाच्या कारणात किती ठिकाणी 'इतर' निवडलंय, किती ऑर्डर मशिनवर न टाकता थेट 'लाइन २' किंवा 'युटिलिटी' अशा ढोबळ नावावर टाकल्यात, आणि किती पीएम महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत पाठोपाठ बंद झालेत, ते मोजा. हे आकडे बहुधा सुखावणारे नसतील. पण ९६ टक्क्यांमागे खरं काम किती आहे ते त्यांतून कळेल. आणखी एक गोष्ट तपासा : या तीन महिन्यांतल्या किती पीएममधून एखादं दुरुस्तीचं काम निघालं? तपासणीच्या पाच-सात पीएममागे एखादं तरी काम निघावं, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. शेकडो पीएममधून एकही दोष निघाला नसेल, तर एकतर तपासणी होत नाही किंवा तपासायला सांगितलेली गोष्टच चुकीची आहे.

हे आकडे घेऊन टेक्निशियनना झापायला मात्र जाऊ नका. एकदा का नोंदीवरून माणूस पकडला गेला, की पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाचे तास बरोबर आठ भरतात आणि प्रत्येक शेरा निर्दोष होतो. मग ती माहिती कायमची निकामी.

आता ४२० मशिन बाजूला ठेवा आणि ४० निवडा. जे बंद पडलं की लाइन थांबते, माणसाला धोका होतो किंवा ज्याला पर्याय उभा नाही, असंच मशिन त्यात येईल. निवडताना प्रॉडक्शन आणि सुरक्षा विभागाची माणसं सोबत घ्या, नाहीतर प्रत्येक सुपरवायझरला आपलंच मशिन 'ए', म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या, वर्गात हवं असतं. निम्मी मशिन 'ए' ठरली की वर्गवारीला अर्थ उरत नाही. पुढे जे सांगतोय ते सगळं पहिले सहा महिने याच ४० मशिनवर करायचं. बाकीची आहेत तशी चालू द्या.

या ४० मशिनांची यादी सिस्टिममध्ये नीट बसवा. किती खोलवर जायचं याचं उत्तर सोपं आहे : ज्याच्यावर तुम्ही स्वतंत्र वर्क ऑर्डर काढता आणि ज्याचा इतिहास तुम्हाला वेगळा हवा आहे तिथे थांबा. पंप वेगळा, त्याची मोटर वेगळी, गिअरबॉक्स वेगळा. मोटरमधलं बेअरिंग ही मालमत्ता नव्हे, तो त्या मोटरच्या सुट्या भागांच्या यादीतला एक भाग. आयएसओ १४२२४ या मानकात उद्योगापासून सुट्या भागापर्यंत नऊ पातळ्यांची उतरंड दिली आहे. ते तेल आणि वायू उद्योगासाठी असलं तरी पातळ्या पाडायची पद्धत पाहण्यासारखी आहे. पण नऊच्या नऊ उतरवत बसू नका. पाच पुरतात.

इथे एक चूक जवळजवळ सगळीकडे होते. जागा आणि वस्तू यांना एकच नंबर दिला जातो. समजा 'कूलिंग पंप ३ ची मोटर' अशी एकच नोंद आहे. मोटर जळाली, ती काढून रिवाइंडिंगला (नव्याने तार गुंडाळायला) गेली, तिच्या जागी स्टोअरमधली दुसरी बसली. रिवाइंड होऊन आलेली मोटर चार महिन्यांनी भलत्याच ब्लोअरवर चढली आणि तिथे पुन्हा जळाली. सिस्टिमच्या लेखी कूलिंग पंप एकदा बिघडला आणि ब्लोअर एकदा. तीच मोटर दोनदा जळाली हे कुणालाच दिसत नाही, आणि तिसऱ्यांदाही ती कुठेतरी चढतेच. उपाय असा की जागेला एक नंबर आणि मोटरच्या अंगावर ठोकलेल्या पत्र्याला दुसरा. मोटर हलली की सिस्टिममध्येही हलवायची. मोटर, गिअरबॉक्स, पंप, व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) आणि मोठे व्हॉल्व्ह एवढ्यांनाच हे करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, ती वापरलेली नसते.

मग ऑर्डर बंद करायचा फॉर्म घ्या. त्यात सक्तीच्या जागा सहापेक्षा जास्त नकोत आणि तो दोन मिनिटांत भरून व्हायला हवा. वीस जागा सक्तीच्या केल्या की माणूस पहिला पर्याय दाबत सुटतो. बिघाडाची यादी प्रत्येक प्रकारच्या मशिनला वेगळी आणि आठ-दहा ओळींची असावी. पंपासमोर पंपाचेच दोष यावेत : सील गळते, दाब कमी, आवाज किंवा कंपन, बेअरिंग गरम, कपलिंग तुटलं, मोटर ट्रिप. पन्नास कोडची एकच यादी सगळ्यांना लावली की 'इतर' हाच सगळ्यात मोठा बिघाड ठरतो. 'इतर' ठेवा, पण यादीच्या तळाशी, आणि तो निवडला तर एक ओळ लिहिणं सक्तीचं करा. काय दिसलं, कशामुळे झालं आणि काय केलं, या तीन वेगळ्या जागा आहेत. 'बेअरिंग बदललं' हे तिसऱ्याचं उत्तर झालं. बेअरिंग का गेलं हे दुसऱ्या जागेत हवं, आणि कारण सापडलं नसेल तर 'सापडलं नाही' असा पर्यायही हवा, म्हणजे कुणाला खोटं लिहावं लागणार नाही. शेरा ज्या भाषेत माणसं बोलतात त्याच भाषेत लिहू द्या, बोलून नोंदवता येत असेल तर उत्तमच.

वेळ मात्र तुकड्यांत घ्या. मशिन थांबलं, कळवलं गेलं, फिटर पोचला, स्पेअर हातात आला, काम संपलं, माल निघायला लागला. समजा एक कन्व्हेअर १९० मिनिटं बंद होता. त्यात कळवायला १५ मिनिटं, फिटर यायला २०, बेअरिंग मिळायला ८५, प्रत्यक्ष कामाला ४५ आणि लाइन पुन्हा सुरू व्हायला २५ गेली. फक्त १९० हा आकडा नोंदला तर दुरुस्तीचा सरासरी वेळ फार दिसतो आणि फिटरना प्रशिक्षणाला पाठवायचं ठरतं. फिटरने काम पाऊण तासात संपवलं होतं. दुखणं स्टोअरमध्ये आहे. हे सहा टाइमस्टॅम्प सगळ्या ऑर्डरना नकोत. 'ए' वर्गातल्या ब्रेकडाउनला मात्र हवेतच. मशिन थांबल्याची आणि सुरू झाल्याची वेळ ऑपरेटरकडून किंवा पीएलसीवरून (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरवरून) घ्या, फिटरवर तो भार टाकू नका.

पीएमच्या चेकलिस्टमध्ये सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण खरा फायदा तिथूनच येतो. 'बेअरिंग तपासा', 'बेल्ट पाहा', 'फिल्टर साफ करा' अशा ओळी असतील तर टेक्निशियनकडून टिक मारण्यापलीकडे काही अपेक्षित नाही, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्येक ओळीत काय मोजायचं, कशाने मोजायचं, मर्यादा किती आणि ती ओलांडली तर काय करायचं, हे असायला हवं. आणि नोंदीत टिकऐवजी आकडा.

ग्रीसिंगचंच बघा. '६३१० बेअरिंगला ग्रीस द्या' या ओळीवर एक जण चार स्ट्रोक देतो, दुसरा बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहतो. पुन्हा भरायच्या ग्रीसचा नेहमीचा हिशेब असा : बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले रुंदी मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३१० चा बाहेरचा व्यास ११०, रुंदी २७, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. आता तुमची ग्रीस गन एका स्ट्रोकला किती देते? कागदावर दहा स्ट्रोक मारा आणि वजन करा. १२ ग्रॅम भरले तर एक स्ट्रोक १.२ ग्रॅमचा, म्हणजे या बेअरिंगला १२ ते १३ स्ट्रोक. प्रत्येक गनवर हा आकडा रंगाने लिहून ठेवा, कारण दोन गन क्वचितच सारखं देतात. जास्त ग्रीस गेलं की ते आतल्या आत घुसळतं, बेअरिंग तापतं, सील फाटतं आणि मोटर असेल तर ग्रीस वाइंडिंगपर्यंत जातं. चेकलिस्टची ओळ मग अशी होईल : ड्रेन प्लग काढा, निपल पुसा, अमुक नावाचं ग्रीस १५ ग्रॅम द्या, मोटर थोडा वेळ चालवून जादा ग्रीस निघू द्या, प्लग लावा, आधीचं आणि नंतरचं तापमान लिहा. ग्रीसचं नाव आवर्जून द्या, कारण पॉलियुरिया आणि लिथियमचं ग्रीस एकमेकांत मिसळलं तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. मोटरवर उत्पादकाने ग्रीसचं प्रमाण लिहिलं असेल तर आमचा हिशेब सोडा आणि तेच घ्या.

व्ही-बेल्टही असाच. दोन पुलींमधला मोकळा बेल्ट ८०० मिलिमीटरचा असेल तर मधोमध, उत्पादकाने बेल्टच्या त्या सेक्शनला (आडव्या छेदाच्या मापाला) दिलेल्या जोराने दाबल्यावर तो मोकळ्या लांबीच्या चौसष्टाव्या भागाइतका, म्हणजे साडेबारा मिलिमीटर झोल दाखवतो. नवा बेल्ट पहिल्या एक-दोन दिवसांच्या चालण्यात बसतो आणि सैल होतो. म्हणून बेल्ट बदलायची ऑर्डर बंद झाली की ४८ तासांनी ताण तपासायची ऑर्डर आपोआप निघेल अशी जोड सिस्टिममध्ये घाला. ही एवढीशी जोड नसल्यामुळे नवे बेल्ट घसरून जळतात आणि खापर बेल्टच्या दर्जावर फुटतं. आणि चार बेल्टच्या संचात एक तुटला तरी चारही बदला. एकटा नवा बेल्ट आखूड असतो, सगळा भार त्याच्यावर येतो.

काळ आणि फेरी, म्हणजे दोन पीएममधलं अंतर, यांबद्दल थोडं सविस्तर. युनायटेड एअरलाइन्समधल्या नोलन आणि हीप यांचा विश्वासार्हतेवर आधारित देखभालीचा अहवाल १९७८ मध्ये आला. त्यांनी अभ्यासलेल्या विमानाच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भाग वय वाढल्यामुळे बिघडत होते, तर ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता बसवल्यावर लगेच जास्त आणि नंतर जवळजवळ स्थिर होती. तुमच्या मशिनला हे आकडे जसेच्या तसे लावायचे नाहीत, कारण कारखान्यात घासणारे, झिजणारे भाग बरेच असतात. लायनर, बेल्ट, ब्रेक पॅड यांना वय असतंच. पण चांगला चाललेला गिअरबॉक्स केवळ वर्ष झालं म्हणून उघडणं म्हणजे धूळ आत घालणं, शिम (जुळणीच्या पातळ पट्ट्या) इकडचे तिकडे होणं आणि पहिल्या आठवड्यातला बिघाड ओढवून घेणं. त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी तेलाचा नमुना आणि महिन्याला कंपनाचं वाचन घ्या. तपासणी किती दिवसांनी हे मशिनच्या वयावरून ठरवू नका. दोष पहिल्यांदा कळतो तेव्हापासून मशिन बंद पडेपर्यंत किती वेळ मिळतो, त्यावरून ठरवा. बेअरिंगचा आवाज वाढल्यापासून ते जॅम होईपर्यंत सहा आठवडे मिळत असतील तर तपासणी तीन आठवड्यांनी हवी. तीन महिन्यांची तपासणी तिथे निव्वळ योगायोगाने उपयोगी पडेल.

ज्या तपासणीत सलग सहा वेळा काही निघालं नाही तिची फेरी लांबवा, जिथे दोन पीएमच्या मध्येच ब्रेकडाउन होतो तिथे जवळ आणा किंवा तपासायची गोष्ट बदला. याला एकच अपवाद, आणि तो पक्का लक्षात ठेवा : सेफ्टी व्हॉल्व्ह, आणीबाणीचे स्विच, आगीचे पंप, वायूचे डिटेक्टर, कायद्याने ठरलेल्या तपासण्या. यांत काही निघत नाही म्हणून त्या लांबवायच्या नाहीत. ही उपकरणं बिघडली तरी रोजच्या कामात कळत नाही. गरज पडते त्याच दिवशी कळतं.

वेळापत्रक लावताना दोन खड्डे सांभाळा. ३० दिवसांचा पीएम ठरलेल्या तारखेला बांधलेला असेल आणि तो १५ दिवस उशिरा झाला, तर पुढचा १५ दिवसांतच येऊन उभा राहतो. टेक्निशियनला तो निरर्थक वाटतो आणि तो न करताच बंद करतो. काम संपलेल्या तारखेपासून पुढची तारीख मोजायची की ठरलेल्या तारखेपासून, हे प्रत्येक पीएमला विचार करून ठरवा. दुसरा खड्डा तासांवर चालणाऱ्या कामांचा. कॉम्प्रेसरचं तेल आणि फिल्टर तासांवर असतात. तास-मीटर बदलला आणि नवा शून्यापासून सुरू झाला, की सिस्टिम पुढच्या मोठ्या आकड्याची वाट पाहत बसते आणि ती ऑर्डर निघतच नाही. म्हणून मीटर बदलायच्या चेकलिस्टमध्ये जुनं वाचन सिस्टिममध्ये टाकून पुढचं मोजमाप जुळवण्याची ओळ असू द्या. आणि पीएम 'वेळेत' म्हणजे फेरीच्या दहा टक्क्यांत : ३० दिवसांचा असेल तर तीन दिवस मागे-पुढे, ९० चा असेल तर नऊ. या मापाने तुमचे ९६ टक्के बरेच खाली येतील. येऊ द्या.

प्रलंबित १,९०० ऑर्डरपैकी सहा महिन्यांहून जुन्या सगळ्या बाहेर काढा. मशिनपाशी जाऊन पाहा : झालेलं काम, दोनदा नोंदलेलं काम, आता नको असलेलं काम. त्या रद्द करा, कारण लिहून. उरलेल्यांवर अंदाजे तास टाका. समजा ५०० उरल्या, सरासरी दोन तासांच्या, म्हणजे १,००० तास. २२ जणांचे रजा आणि विश्रांती वजा जाता आठवड्याला ७५० तास मिळतात असं धरा. २०० पीएममध्ये, ३०० ब्रेकडाउनमध्ये. उरले २५०. म्हणजे तुमच्यापुढे चार आठवड्यांचं काम आहे. दोन ते चार आठवडे ठीक. आठ-दहा झाले तर माणसं कमी आहेत किंवा ब्रेकडाउन तास खातायत, आणि हे आता तुम्ही आकड्यांनी सांगू शकता. 'सुट्या भागाची वाट', 'शटडाउनची वाट', 'तयार' अशा अवस्था वेगळ्या ठेवा. भाग हातात नसलेली ऑर्डर फिटरला देऊच नका. भाग एका ट्रेमध्ये काढून, त्यावर ऑर्डरचा नंबर लावून ठेवला की मगच ती 'तयार'.

आता स्टोअर. रॅक आणि सिस्टिम जुळत नाही याचं मुख्य कारण सहसा चोरी किंवा निष्काळजीपणा नसतो. रात्री दोनला स्टोअर बंद असतं, किल्ली कुणाकडे तरी असते, फिटर बेअरिंग घेऊन लाइन सुरू करतो आणि सकाळी स्लिप लिहायची राहते. हे दोन-तीनदा झालं की तो दोन बेअरिंग स्वतःच्या लॉकरमध्येच ठेवायला लागतो. लॉकरवर छापे घालून हे थांबत नाही. रात्रीच्या शिफ्टसाठी 'ए' मशिनच्या तीस-चाळीस भागांचं वेगळं कपाट करा, प्रत्येक खणावर बारकोड, बाजूला एक स्कॅनर किंवा अगदी वही. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर खण मोजून सिस्टिम जुळवेल. आणि एकदा 'काही न विचारता परत करा' असा आठवडा ठेवा. लॉकरमधून आलेला माल पाहून तुम्हाला तुमचा खरा खप कळेल.

मग नावं. 'बेअरिंग ६३१०', '६३१० बॉल बेअरिंग', 'मोटर बेअरिंग ५० मिमी' ही तीन कोडखाली एकच वस्तू असू शकते. एका कोडला साठा शून्य दिसतो, खरेदी होते, दुसऱ्या कोडखाली चार पडलेली असतात. नावाचा क्रम ठरवा : वस्तू, प्रकार, माप, खास गुण. बेअरिंग, डीप ग्रूव्ह बॉल, ६३१०, सी३. पण साफसफाईच्या उत्साहात '६३१०', '६३१० झेडझेड', '६३१० टू-आरएस' आणि '६३१० सी३' एकाच कोडमध्ये ढकलू नका. झेडझेडला पत्र्याचं झाकण असतं, टू-आरएसला रबरी सील, सी३ मध्ये आतली मोकळीक जास्त. गरम चालणाऱ्या मोटरमध्ये सी३ च्या जागी साधं गेलं तर तापून प्रसरण झाल्यावर मोकळीक संपते आणि बेअरिंग जातं. कोड एकत्र करताना संगणकावर बसलेल्या माणसाशेजारी एक जुना फिटर बसवा.

किती साठवायचं? नेहमी लागणाऱ्या भागासाठी : माल यायला सहा आठवडे लागतात, महिन्याला चार लागतात, म्हणजे वाट पाहताना सहा संपतील. उशीर किंवा जादा खपासाठी दोन धरा. आठ उरले की मागवा. पण हा नियम वर्षानुवर्षं न लागणाऱ्या महागड्या भागांना लावू नका. खप शून्य म्हणून सिस्टिम 'साठा शून्य करा' असं सुचवेल, आणि तो भाग यायला पाच महिने लागत असतील. अशांना 'विमा स्पेअर' असा वेगळा शिक्का मारून ठेवा. आणि त्यांनाही पीएम लावा, हे बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. रॅकवर पडून असलेल्या मोठ्या मोटरचा शाफ्ट ठरावीक काळाने फिरवून वेगळ्या कोनात ठेवावा लागतो, नाहीतर शेजारच्या मशिनच्या थरथरीने बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) खुणा पाडतात. मोटरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स (वाइंडिंगच्या विद्युतरोधक आवरणाचा रोध) मेगर या मीटरने घ्या. बेल्ट आणि रबरी सील उन्हापासून, उष्णतेपासून दूर ठेवा, आणि आधी आलेलं आधी वापरा.

इतकं केल्यावर नोंदींचं वाचन. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ४५ मिनिटं. देखभाल, प्रॉडक्शन, स्टोअर आणि पाळीपाळीने दोन टेक्निशियन. समोर तीन याद्या असतील : आठवड्यात सर्वांत जास्त वेळ बंद असलेली दहा मशिन, ९० दिवसांत त्याच मशिनवर तीनदा आलेला तोच बिघाड, आणि भागासाठी थांबलेल्या ऑर्डर. प्रत्येक बैठकीतून निदान एक बदल बाहेर पडला पाहिजे, मग तो पीएमची एक ओळ असो, एक साठा-मर्यादा किंवा बेअरिंग बसवायची पद्धत. आणि तो फलकावर लावा, कुणाच्या कोणत्या शेऱ्यावरून झाला हेही. 'पंप ५ चं सील पाइपच्या ओढीमुळे जातंय, हा शेरा आला. सपोर्ट बसवला.' असे पाच-सहा कागद फलकावर लागले की शिफ्टच्या शेवटी भरायच्या ऑर्डर मशिनपाशीच भरल्या जायला लागतात. यासाठी वेगळं बक्षीस लागत नाही.

वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा की पहिले तीन-चार महिने ब्रेकडाउनचा आकडा वाढेल. पूर्वी न नोंदलेले छोटे थांबे आता दिसायला लागतील. त्यांना चार आकडे दाखवा : एकूण तासांत तातडीच्या कामाचा वाटा, पुन्हापुन्हा येणारे बिघाड, भागासाठी वाट पाहण्यात गेलेले तास आणि ४० मशिनवर गेलेलं उत्पादन. आजच्या ९० दिवसांचे आकडे आत्ताच गोठवून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? दोन बिघाडांमधला सरासरी काळ एकेका मशिनसाठी दर महिन्याला काढू नका. वर्षात दोनदा बिघडणाऱ्या मशिनचा तो आकडा नुसत्या योगायोगाने दुप्पट किंवा निम्मा होतो.

राहिला सेन्सरचा प्रश्न. रात्री दोनला इशारा आला तर तो कुणाच्या फोनवर जाईल, तो काय तपासेल, ऑर्डर कोण काढेल आणि भाग कुठून येईल, या चार प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे आज नाहीत. ती नसताना सेन्सर बसवले तर इशाऱ्यांची रांग १,९०० ऑर्डरशेजारी उभी राहील. सहा महिने हातातल्या कंपन-मीटरने ४० मशिनवर दर महिन्याला वाचन घ्या, प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच दिशेने, त्याच भारावर. जागेवर रंगाचा ठिपका द्या. वाचन आधीच्यापेक्षा दुप्पट झालं की ऑर्डर निघेल असा नियम सिस्टिममध्ये घाला. सहा महिन्यांनी कुठल्या मशिनवर महिन्याचं वाचन पुरत नाही, दोष त्याहून लवकर वाढतो, हे दिसेल. सेन्सर घ्यायचे ते तेवढ्याच मशिनवर.